रविवारचं जेवण आणि अण्णांचा आलेख

वाचकाचं पत्र

"मी सांगलीत माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वडील, म्हणजे आमचे अण्णा, पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. वय ७८, पण डोकं तल्लख. मला विज्ञानाची गोडी लावली ती त्यांनीच. अलीकडे दर रविवारी जेवताना एकच विषय निघतो. 'पृथ्वी याआधीही तापली होती. तेव्हा कुठे होते तुमचे कारखाने?' मग मोबाइलवर एक आलेख दाखवतात. त्यात मध्ययुगात मोठा उंचवटा आहे आणि आजचा काळ त्याच्या खाली. ग्रीनलंडमध्ये गुरं चरायची, उत्तर ध्रुवाजवळ मगरी होत्या, असंही सांगतात. मागच्या रविवारी चिडून मी म्हटलं, 'पृथ्वी इतकी कधीच तापली नव्हती.' ते हसले, म्हणाले, 'आधी पुस्तक उघड.' उघडलं, तर माझंच चुकलं होतं. मुलगा आठवीत आहे. तो आता विचारतो, 'आजोबा खरं सांगतात की तू?' वडिलांचा पाणउतारा न करता याला काय उत्तर देऊ?"

उत्तर

नमस्कार बाई,

(शिक्षिकेला बाईच म्हणायची जुनी सवय आहे, चालवून घ्या.)

आधी अप्रिय गोष्ट सांगून टाकतो. अण्णा बरोबर आहेत. त्या आलेखात गोम आहे, तिच्याकडे मग येतो. पण पृथ्वी याआधी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त तापली होती, हे सोळा आणे खरं. तुमचं 'कधीच नव्हती' चुकलं आणि त्यांनी ते बरोबर पकडलं. तेव्हा येत्या रविवारी, ताटं वाढून व्हायच्या आत, मुलाच्या देखत म्हणून टाका, "अण्णा, मागच्या वेळी माझं चुकलं." पुढचं सगळं बोलणं त्यानंतर सोपं जाईल.

हे मी अनुभवानं सांगतो. याच विषयावर एका साखरपुड्याच्या पंगतीत मी मेव्हण्याशी वाद घातला होता. सगळे आकडे तोंडपाठ होते. वाद जिंकलो, मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून वर पाहिलं तर आजूबाजूची पानं केव्हाच उठली होती. मेव्हणा पुढे दोन वर्षं फोनवर बहिणीशीच बोलायचा.

तुमच्या जागी मी असतो तर अण्णांचं म्हणणं खोडायच्या भानगडीत पडलो नसतो, उलट त्यांच्या पोतडीत भर घातली असती. मगरींचं खरं आहे. कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समीर नावाचं बेट आहे. तिथे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत मगरीच्या जातीचे प्राणी आणि कासवं यांचे जीवाश्म सापडले आहेत. आणि एवढ्या लांब जायचीही गरज नाही. कच्छमध्ये पानंध्रो म्हणून लिग्नाइटची खाण आहे. तिथे मिळालेल्या मणक्यांवरून आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एका अजस्र सापाचं वर्णन केलं आणि त्याला 'वासुकी' नाव दिलं. काळ ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, लांबी अंदाजे ११ ते १५ मीटर. म्हणजे एसटीची लाल गाडी उभी केली तर साप तिच्याएवढा, कदाचित तिच्याहून लांब. थंड रक्ताच्या प्राण्याला एवढं वाढायला ऊब लागते, त्यामुळे तो काळ किती उष्ण होता याचा तो एक पुरावाच आहे. त्या जगात ध्रुवांवर आजच्यासारख्या बर्फाच्या चादरी नव्हत्या. सापाची चैन होती. फक्त आपण तिथे नव्हतो, आणि मुंबईही नव्हती.

आता त्यांचा आवडता प्रश्न घ्या: तेव्हा कुठे होते कारखाने? याचं उत्तर तुमच्या घरापासून दोन-तीन तासांवर उभं आहे. सह्याद्री होता ना! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर ओतले जात होते. घाटात रस्त्यासाठी कडा कापलेला असतो तिथे एकदा गाडी थांबवून मुलाला दाखवा. काळ्या बेसॉल्टच्या जाड थरांमध्ये मधूनच विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाला, त्याची ऊन-पावसानं माती झाली, मग वरून दुसरा आला आणि ती माती भाजून निघाली, असा तो पट्टा. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये माती होण्याइतका निवांत वेळ होता. त्या ज्वालामुखींतून कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर पडला आणि त्या सुमारास जग दोन-तीन अंशांनी तापल्याच्या खुणा समुद्रतळात सापडतात. तेव्हा माणसाचे कारखाने नव्हते, पण कार्बनचा कारखाना होताच. तो चालला लाखो वर्षं, आणि त्याची वार्षिक सरासरी काढली तर आज आपण कोळसा-तेल जाळून जे वर्षाला सोडतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही. आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून जेवढा कर्बवायू सोडतात तो आपल्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही.

मुद्दा असा की 'याआधीही तापली होती' हे वाक्य अर्धं आहे. पुढचे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ते पुरं होत नाही: कशामुळे तापली, आणि किती वेगानं?

वेगाचं सांगलीकरांना मी काय सांगावं! आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे तिथल्या पोराटोरांना पाठ. पण ऑगस्ट २०१९ मध्ये रात्री जागणाऱ्या घरांत 'किती फूट झालं' हे एकदा विचारलं जायचं आणि 'तासाला किती चढतंय' हे दहादा. २००५ लाही पूर आला होता म्हणून तळमजल्यावरची गव्हाची पोती कुणी खालीच राहू दिली नाहीत. अण्णांनी तर आयुष्यभर आवक आणि विसर्ग यांचेच हिशेब केले. धरणात किती टीएमसी पाणी आहे एवढ्यावरच दरवाजे उघडत नाहीत. आवक किती क्युसेकनं वाढतेय हेही बघावं लागतं. त्यांना ही भाषा तुम्ही शिकवायची नाही, फक्त त्यांनाच तिची आठवण करून द्यायची.

(एका पुरावरून हवामानबदल सिद्ध करायला मात्र जाऊ नका. अण्णा तुम्हाला तिथेच अडवतील, आणि पुन्हा त्यांचंच बरोबर असेल.)

वेगाचं सगळ्यात बोलकं उदाहरण ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं आहे. समुद्राच्या तळाला भोक पाडून चिखलाचा लांब दंडगोल वर काढतात. तो उभा चिरला की आत थर दिसतात. त्या काळापर्यंतचा चिखल पांढरट असतो, कारण तो सूक्ष्म जीवांच्या चुन्याच्या कवचांचा बनलेला. मग एकाएकी रंग पालटतो, तांबूस तपकिरी माती लागते. समुद्रात इतका कर्बवायू मुरला की पाण्याची आम्लता वाढून ती कवचंच विरघळली. जग तेव्हा ५-६ अंशांनी तापलं. खोल समुद्राच्या तळावरच्या कवचधारी सूक्ष्म जीवांच्या जातींपैकी तिसरा हिस्सा तरी कायमचा गेला. आणि पुन्हा जुनं तापमान यायला दीड लाखाहून जास्त वर्षं लागली. आता ऐका: त्या वेळी कार्बन हवेत येण्याचा वेग आजच्या सुमारे एक दशांश होता. भूशास्त्राच्या पुस्तकात ज्याला 'अचानक' म्हणतात ते हजारो वर्षांचं अचानक असतं. आपलं दीडशे वर्षांचं आहे.

दुसरं उदाहरण जवळचं, सव्वा लाख वर्षांपूर्वीचं. दोन हिमयुगांच्या मधला तो काळ. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पाया खोदताना पाणघोड्यांची हाडं निघाली ती याच काळातली. तापमान औद्योगिक युगाच्या आधीपेक्षा फार तर अर्धा ते दीड अंश जास्त, म्हणजे आज आपण जिथे पोचलोय साधारण तेवढंच. समुद्र मात्र आजच्यापेक्षा ५ ते १० मीटर वर. हे उदाहरण देताना एक पथ्य पाळा. तेव्हा कर्बवायू वाढलेला नव्हता. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल असा होता की उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात जास्त ऊन मिळायचं. शिवाय समुद्र चढायला शतकं, सहस्रकं लागली. तेव्हा 'उद्या गिरगाव बुडणार' असं म्हणू नका. एक-दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण बर्फाला तो किरकोळ वाटत नाही, एवढंच म्हणा.

आता आलेख.

मध्ययुगात गुळगुळीत उंचवटा आणि नंतर खोलगट दरी असा तो असेल, तर त्याचं कूळ मला बहुधा ठाऊक आहे. ह्यूबर्ट लॅम हे इंग्लंडचे मोठे हवामानशास्त्रज्ञ. १९६५ मध्ये त्यांनी मध्ययुगातल्या उबदार काळावर महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यांचं काम मुख्यतः मध्य इंग्लंडबद्दलचं होतं. त्यावरून बेतलेलं एक ढोबळ रेखाटन आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या १९९० च्या पहिल्या अहवालात छापलं गेलं आणि तेव्हापासून ते जगाचं तापमान म्हणून फिरतंय. दुसरा लोकप्रिय आलेख ग्रीनलंडच्या एकाच ठिकाणच्या बर्फाचा आहे. त्याच्या टोकाला 'आज' असं लिहिलेलं असतं. पण या विषयात 'आज' म्हणजे १९५० धरायचा रिवाज आहे, आणि त्या नोंदी त्याच्याही ९५ वर्षं आधी संपतात. म्हणजे १८५५! भारतात रेल्वे सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. अण्णांना फक्त एवढंच विचारा, "ही रेघ कुठल्या साली संपते, आणि ही कुठल्या गावची?" पर्जन्यमापक कुठे बसवलाय हे न विचारता त्यांनी नोकरीत कधी आकडा घेतला असेल असं मला वाटत नाही.

ग्रीनलंडची वस्ती खरीच आहे. इसवी सन ९८५ च्या सुमारास एरिक द रेड नावाचा दर्यावर्दी आइसलंडहून माणसं घेऊन तिथे गेला. नाव चांगलं असलं की लोक यायला तयार होतील म्हणून 'हिरवा देश' हे नाव त्यानं ठेवलं, असं आइसलंडच्या जुन्या बखरीतच लिहिलंय. आपल्याकडच्या बिल्डरांना हे सांगायला नको. गुरं-मेंढ्या चरायच्या त्या नैऋत्येच्या चिंचोळ्या खाड्यांच्या काठी. त्याच खाड्यांत आजही मेंढ्या चरतात, बटाटे पिकतात. मधली बर्फाची चादर तेव्हाही होतीच. १६ सप्टेंबर १४०८ रोजी ह्वालसे इथल्या चर्चमध्ये एक लग्न लागलं, त्या वस्तीबद्दलची ती शेवटची लेखी नोंद. भिंती अजून उभ्या आहेत.

मध्ययुगात युरोप आणि उत्तर अटलांटिकचा भाग उबदार होता, पण सगळं जग एकाच वेळी नव्हे. कुठे दहाव्या शतकात, कुठे बाराव्या, आणि प्रशांत महासागराचा विषुववृत्तीय पट्टा तर उलट थंड. २०१९ मध्ये जगभरच्या झाडांच्या वलयांपासून पोवळ्यांपर्यंतच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिसलं की पृथ्वीच्या ९८ टक्के भागात गेल्या दोन हजार वर्षांतला सर्वांत उबदार काळ विसावं शतक आहे. जुने उंचवटे गल्लीबोळातले होते, हा सगळ्या गावाचा आहे.

जाता जाता आपल्याकडचं. इंग्लंडातला तो उंचवटा उतरत होता तेव्हा दख्खनमध्ये काय चाललं होतं? १३९६ पासून बारा वर्षं चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ. छत्तीसगडमधल्या दंडक गुहेत चुनखडीचे जे स्तंभ थेंबाथेंबानं वाढले, त्यांच्या थरांतून चौदाव्या आणि पंधराव्या शतकातला मान्सून वारंवार दगा देत होता असं दिसतं. जगाची सरासरी तेव्हा अर्ध्या अंशानंही हललेली नव्हती.

अण्णा हुशार आहेत, तेव्हा ते एक पत्ता राखून ठेवतील. म्हणतील, "अंटार्क्टिकाच्या बर्फात आधी तापमान वाढतं आणि कर्बवायू मागून, काही शतकांनी. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला?" घाबरू नका, नाकारूही नका. हिमयुग संपताना पहिला धक्का कक्षेतल्या बदलानं, उन्हानं दिला. समुद्र थोडा तापला. तापलेल्या पाण्यातून कर्बवायू सुटतो, सोड्याची बाटली उन्हात ठेवल्यावर सुटतो तसा. त्या कर्बवायूनं आणखी तापवलं आणि उरलेलं जग त्याच्यामागून तापलं. आधी कोंबडी की आधी अंडं म्हणत बसलात तरी अंड्यातून कोंबडी निघायची राहत नाही. या वेळी सुरुवातच आपण कर्बवायूपासून केली आहे, एवढाच फरक.

तो आपलाच कशावरून, याला माझं आवडतं उत्तर दूधवाल्याचं आहे. डेअरीत लॅक्टोमीटर बुडवला की पाणी किती घातलंय ते कळतं. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार किंचित प्रमाणात असतो. तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. चंद्रपूरचा दगडी कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, त्यात त्याचा अंशही उरलेला नाही. असा कोळसा जाळत गेलं की हवेतला कार्बन-१४ पातळ होत जातो. ही भेसळ हान्स झ्यूस या रसायनशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकातच पकडली. आणि सूर्यावर ढकलायचं म्हटलं तर १९७८ पासून उपग्रह सूर्य मोजतायत. या काळात तो वाढलेला नाही. शिवाय खालची हवा तापतेय आणि वरची, स्थितांबराची, थंड होतेय. ऊन वाढलं असतं तर दोन्ही तापल्या असत्या. गोधडी जाड झाली की आतला माणूस घामाघूम होतो, बाहेरच्या खोलीला ऊब कमी मिळते.

खरा वाद कुठे आहे हेही मुलाला कळू द्या, नाहीतर विज्ञान म्हणजे पाठ करायची आरती असं त्याला वाटेल. कर्बवायू दुप्पट झाला तर शेवटी तापमान किती वाढेल? १९७९ मध्ये अंदाज होता दीड ते साडेचार अंश. आज तो अडीच ते चार म्हणतात. अडीच आणि चार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या तालुक्यात पाऊस किती बदलेल, यावर तर छातीठोक बोलणाऱ्यापासून लांबच राहा. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशानं वाढलं, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नोंदवलंय. म्हणजे आपण जागतिक सरासरीपेक्षा कमी तापलोय. अण्णांना हाही आकडा द्या. त्यांच्या बाजूचा वाटेल असा आकडा तुमच्या तोंडून ऐकला की पुढचं ते कान देऊन ऐकतील.

आणि मग त्यांना कामाला लावा. निवृत्त अभियंत्याला वादात हरवून कुणाचं भलं होत नाही, पण त्याच्या हातात आलेखाचा कागद दिला की तो दुपारची झोपसुद्धा विसरतो. आजोबा-नातवाला मिळून एक आलेख काढू दे. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या बुडबुड्यांत गेल्या ८ लाख वर्षांची हवा अडकून राहिली आहे. असला बर्फ आपल्याकडे गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातही उणे तापमानाच्या खोलीत ठेवून अभ्यासतात. त्या हवेतल्या कर्बवायूचे आकडे सगळ्यांना खुले आहेत. १९५८ पासूनचे आकडे हवाईच्या मौना लोआ वेधशाळेचे घ्या. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञानं तिथे मोजायला सुरुवात केली तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग भरले होते.

शाळेचा नेहमीचा आलेखाचा कागद आडवा धरायचा. आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे ४० हजार वर्षं, म्हणजे ८ लाख वर्षं २० सेंटिमीटरमध्ये बसतात. उभ्या अक्षावर तळाशी १७०, आणि १ सेंटिमीटरला १० भाग. आठ लाख वर्षं रेघ वर-खाली होत राहील, हिमयुगात खाली, उबदार काळात वर, पण ३०० च्या आसपास पोचली की परत फिरेल. १३ सेंटिमीटरच्या वर ती जाणारच नाही. अण्णांचा लाडका मध्ययुगीन काळही तिथेच कुठेतरी २८० ला सापडेल. मग शेवटची दोनशे वर्षं काढायला सांगा. या प्रमाणात दोनशे वर्षं म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. पेन्सिलीला कितीही टोक केलं तरी तिची रेघ त्याहून जाडच उमटणार. म्हणजे रेघ सरळ उभी चढवावी लागेल, आणि २०२४ चा आकडा आहे ४२४. कागद १८ सेंटिमीटरला, ३५० वरच संपतो. वरून दुसरा कागद डकवावा लागेल, तेव्हा डिंकाची बाटली आधीच काढून ठेवा.